मागाहून उगवणारे बाण

शेअरचे चार्ट वाचायला शिकावं म्हणून मी दर रविवारी अकोल्याहून अमरावतीला बसने जायची. चार्टचं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर होतंच, आणि शाळेत तीस वर्षं गणित शिकवल्यावर आलेखाची भीती कसली? क्लासच्या सरांनी स्वतः बनवलेला एक इंडिकेटर, म्हणजे चार्टवर आपोआप खुणा करणारा प्रोग्राम, आम्हाला दिला होता. खरेदीच्या जागी हिरवा बाण, विक्रीच्या जागी लाल. पडद्यावर मागची दोन वर्षं त्यांनी दाखवली, तर प्रत्येक हिरवा बाण अगदी तळाशी, लाल अगदी शिखरावर.

ते मला खटकलं. मी रोज बाजार बंद झाल्यावर चार्टचा फोटो काढू लागले. पंधरा दिवसांनी ताडून पाहिलं, तर मंगळवारचा हिरवा बाण चार्टवर नव्हताच. भाव आणखी पडल्यावर तो पुसला गेला होता आणि नव्या तळाशी दुसरा उगवला होता. असे चार सापडले.

माझ्या बाजूला बार्शीटाकळीचे एक निवृत्त पोस्टमास्तर बसत. बाणावर विसंबून ते दोनदा पोळले होते. सर त्यांना सगळ्यांदेखत म्हणत, "काका, इंडिकेटर बरोबर आहे. तुमच्यात शिस्त नाही." मास्तर मान खाली घालत.

पुढच्या रविवारी मी फोटो दाखवले. सर हसले, बायका चार्ट घाबरून बघतात, म्हणाले. मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये रीप्ले आहे, जुना चार्ट एकेक दिवस पुढे सरकवून दाखवा. त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

तेव्हा मास्तर उठले. "बाई जे म्हणून राहिल्या ते करून दाखवा, सर. माहं चुकलं का तुमच्या बाणाचं, मले पाहू द्या."

सरांनी प्रोजेक्टर बंद केला. मग मी माझा लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि रीप्ले लावला. चार्ट तीन दिवस पुढे सरकताच बाण नाहीसा झाला. सगळ्यांनी पाहिलं, तरी चहानंतर अर्धेअधिक लोक परत जाऊन आपापल्या जागी बसले. त्याची चीड मला अजून येते.

परतताना मास्तर माझ्याच बसमध्ये होते. बडनेऱ्याजवळ म्हणाले, "घरी मी सांगितलं होतं, माहं डोकं आता चालत नाही म्हणून."

खोटा बाण एक वेळ समजू शकते. पण एका शहाण्या माणसाला स्वतःच्या डोक्याबद्दल शंका घ्यायला लावायचं, आणि त्याला शिकवणं म्हणायचं? मी शेअर बाजाराच्या नियामकाकडे लेखी तक्रार केली, फोटो जोडले. क्लास अजून सुरू आहे. दारावरच्या फलकावर तेच बाण आहेत.