ड्रमातली केळ

अख्ख्या सौदी अरेबियात हौसेनं पायी चालणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या आधीच्या पाळीत होता. यान्बूला समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच पॅनेलवर. दुपारी दोनला ते उठायचे आणि मी बसायचो. अकरा वर्षं मी त्यांनी गरम करून ठेवलेल्या खुर्चीत बसलोय, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका कुणाला नाही. मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, वयानं वडील, म्हणून सगळ्यांचे चाचा. कंपनीची बस समोर उभी असताना हा गृहस्थ डोक्याला ओला पंचा गुंडाळून कॅम्पपर्यंत सहा किलोमीटर चालत जायचा. रस्त्यावरची प्रत्येक गाडी थांबायची. इथे माणूस चालतोय म्हणजे त्याची गाडी तरी बंद पडलीय नाहीतर डोकं तरी, असा सरळ हिशोब! एकदा पोलिसांनी थांबवून इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, बघितला आणि चालायचं कारण विचारलं. चाचा म्हणाले, मी शाइर आहे. पोलिसानं थंड पाण्याची बाटली दिली आणि सलाम ठोकून गेला. माझ्याजवळ इकामा होता, तरी मला कधी कुणी पाणी दिलं नाही.

या खुळाचं मूळ जपानात. पंप बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनियरनं चाचांना तीनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या कवीचं छोटं इंग्रजी पुस्तक दिलं होतं. तो कवी झोपडी सोडून देशभर पायी हिंडला आणि वाटेत दिसेल त्यावर तीन ओळी लिहीत गेला. चाचा त्याला ‘आपला म्हातारा’ म्हणत, गावच्या मशिदीपलीकडे राहत असल्यासारखं. म्हाताऱ्याच्या दारात केळ होती, म्हणून चाचांनी गॅलरीत निळ्या ड्रमात केळ लावली आणि तिला एसीचं पाणी पाजलं. एक फळ धरेल तर शपथ. ‘फळ बाजारात मिळतं,’ ते म्हणत, ‘फाटलेलं पान मिळत नाही.’ कवितेत ऋतू आलाच पाहिजे हा म्हाताऱ्याचा कायदा. यान्बूत ऋतू दोन, उन्हाळा आणि उन्हाळ्याची तयारी. पण चाचा हार मानतील तर ना! समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांत जेलीफिश अडकायला लागले, एसीखालची बादली दिवसातून दोनदा भरायला लागली, गेटवरच्या सुदानी वॉचमननं जॅकेट काढलं, असे सव्वीस ऋतू त्यांनी वहीत नोंदवले होते.

आता हे सगळं वहीत राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण लॉगबुकात पाळी संपवताना शेऱ्याचा एक रकाना असतो, आणि छापणाऱ्या शहाण्यानं त्यात नेमक्या तीन ओळी आखल्या होत्या. आम्ही सगळे तिथे ‘ऑल नॉर्मल’ लिहायचो. चाचा रोज तीन ओळी भरायचे, इंग्रजीत, पुढच्याला कळावं म्हणून. एका दुपारी मी बसलो आणि वाचलं ते असं काहीसं:

चार नंबरचा पंप
सकाळपासून खाकरतोय
आत येऊ का विचारत

मी हसलो, पण उठून पंपाला कान लावला. बेअरिंग गेलं होतं. आणखी तासभर चालता तर पंपच गेला असता. मीटरवर तोवर सगळं हिरवं होतं.

नव्या साहेबांनी मात्र वाचल्या त्या फक्त तीन ओळी. ऑडिटवाले काय म्हणतील, म्हणून त्यांनी पॅनेलवरच्या प्रत्येकाकडून लेखी हमी मागितली, की लॉगमध्ये तांत्रिक मजकुराशिवाय काही लिहिणार नाही. सही नाही तर करार पुढे नाही, खलास. मी पेनाचं टोपण निघायच्या आत सही केली. माझी दोन पोरं शाळेत होती, आणि खरं सांगायचं तर पोरं नसती तरी केली असती. मग चाचांच्या मागे लागलो, म्हटलं एक सही करा, कविता घरी लिहा, कोण अडवतंय? दुसऱ्या दिवशी त्यांनी हमीपत्र भरून दिलं. त्यात लिहिलं होतं:

कविता बंद
समोरच्या समुद्राची
सही कोण घेणार

साहेबांनी ते दोनदा वाचलं म्हणतात. करार पुढे झाला नाही.

मी त्यांच्यावर भयंकर चिडलो. एवढ्याशा तीन ओळींसाठी अकरा वर्षांची खुर्ची घालवायची म्हणजे काय? ते शांतपणे पुस्तक पिशवीत भरत होते. म्हणाले, ‘अरे मेल्या, म्हातारा हक्काची झोपडी सोडून निघाला. माझी तर खुर्ची होती, आणि तीही अर्धी तुझीच.’

जायच्या दिवशी ते कॅम्पातून बसस्टँडपर्यंत चालतच निघाले. बॅग तेवढी माझ्या गाडीत ठेवू दिली, स्वतः बसले नाहीत. मी पहिल्या गिअरमध्ये मागे, माझ्यामागे मल्याळी फोरमन, त्यामागे पाकिस्तानी क्रेनवाला, सगळ्यांचे इंडिकेटर लुकलुकतायत आणि पुढे डोक्याला पंचा बांधलेले चाचा. वरात म्हणावी तर वरात. स्टँडवर त्यांनी गॅलरीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी सही केल्याचं त्यांना ठाऊक होतं. एवढंच म्हणाले, ‘केळीला पाणी घाल. कविता नाही जमली तरी चालेल.’

केळ आता माझ्याकडे आहे. परवाच्या वाऱ्यात तिचं नवं पान उभं फाटलं, आणि मी उगाचच खूप वेळ बघत बसलो. दुपारी दोनला खुर्ची अजून गरमच मिळते, पण ती ऊब निराळी. पाळी संपली की मी शेऱ्याच्या रकान्यात ‘ऑल नॉर्मल’ लिहितो. खालच्या दोन ओळी कोऱ्या राहतात, आणि रोज खोटं लिहिल्यासारखं वाटतं.