खरपुडीची कुंडी

एक वेल मी पाणी घालून घालून मारली. विष घातलं असतं, तर निदान हेतू तरी साफ होता असं म्हणता आलं असतं.

तेव्हा मी पस्तिशीची, बिबवेवाडीत नवी, आणि शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे. हरतालिकेला मंडईतून पत्रीचा वाटा आणणाऱ्या शेजारणींकडे बघून मी नाक मुरडायचे. माझी पत्री मागच्या टेकडीवरची, आणि तिच्यात कंदिलासारख्या फुलांची खरपुडी. ती पूजेत लागते असं कुठल्याही शास्त्रात नाही. पण दुसऱ्या कुणाच्या ताटात ती नसायची, एवढं शास्त्र मला पुरे होतं.

मी मिरवली, मग सगळ्याच टेकडी चढायला लागल्या. फुलं तोडली की शेंग धरत नाही आणि शेंगेशिवाय बी नाही, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. तशात टेकडीचा एक उतार बिल्डरनं खाल्ला. एका भाद्रपदात हिंडून हिंडून एकच वेल दिसली. बाईंचं, म्हणजे माझंच, काळीज कळवळलं. आता हिला आपणच वाचवायची, असं ठरवून बाईंनी ती उलथन्यानं खणून कंदासकट घरी आणली.

दिवाळीनंतर वेल वाळली. पाऊस सरला की खरपुडी वरून मरते आणि कंद मातीखाली कोरडा पडून राहतो, हे मला कुठलं ठाऊक. मी सकाळ-संध्याकाळ पाणी ओतत राहिले. शेवटी कुंडी उकरली, तर कंदाचा लगदा झालेला.

माझी नात आता वनस्पतिशास्त्र शिकते. नाहीशा होत चाललेल्या झाडांवर तिचं काम आहे. त्याच टेकडीवर ती दर पावसाळ्यात खरपुडी शोधायची. एक जरी सापडली असती, तरी तिच्या बियांची रोपं करून तिथंच पुन्हा लावायची होती. परवा ती चिखलानं भरलेल्या बुटांनिशी दारात आली आणि म्हणाली की आता शोधणं बंद, तिथली खरपुडी संपली. मी लगेच बिल्डरचा उद्धार केला, मग गुरं चारणाऱ्यांचा. ती मान डोलवत राहिली. ते काही मला सोसेना, म्हणून कुंडीची हकिगत सांगून टाकली. तीही हसण्यावारी नेण्याच्या बेतानं.

ती हसली नाही. बुटांच्या नाड्या सोडता सोडता एवढंच म्हणाली, “आजी, तू नुसती फुलं तोडत राहिली असतीस, तरी कंद जमिनीत राहिला असता. तुला तिची दया आली, तिथं सगळं संपलं.”