आत्याची वेगळी चूल

आणीबाणी उठल्यावर पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी सिहोऱ्याजवळच्या एका गावात नांदायला आले. सासर ढिवरांचं. गावच्या तलावात मासे धरायचे, सिहोऱ्याच्या बाजारात विकायचे, आणि मासे नसतील तेव्हा लोकांच्या धानात रोजीनं जायचं. घरात सासू, सासरे, माझा नवरा आणि सासऱ्यांची मोठी बहीण. तिला सगळे आत्या म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

आत्याचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं नाही, तेव्हा सासरे बैलगाडी मागून घेऊन बपेऱ्याकडे गेले आणि तिला घेऊन आले. तेव्हापासून ती या घरची. टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला तीच जायची. माझ्या नवऱ्याला भरवलं, न्हाऊ घातलं तेही तिनंच, कारण सासूबाई दिवसभर बांधावर असत. मी आले तोवर मात्र तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या कुठल्याशा शिबिरात एक डोळा कापून घेतला, तो पुरताच गेला. दुसऱ्यानं तिला उजेड कळायचा आणि समोर उभं असलेल्या माणसाचा आकार. तराजूचा काटा दिसेना, गिऱ्हाईक फसवू लागलं, म्हणून बाजार सुटला.

पहाटे चूल पेटवायचं काम तिचं होतं. त्या घरात मी उठायच्या आधी जाळाचा वास यायचा. जेवताना ती आणि सासूबाई शेजारी बसत, मीठ जास्त की कमी यावरून रोज वाद घालत, आणि तरी कधी एकमेकींना सोडून जेवत नसत.

ऐंशीनंतर गावात बोलणं सुरू झालं की सरकार निराधारांना महिन्याचा पगार देणार आहे. पेन्शनला आमच्याकडे पगारच म्हणतात. कोतवालानं दवंडी दिली. आत्यानं ती ऐकली आणि संध्याकाळी भावाजवळ विषय काढला. सासरे म्हणाले, निराधार म्हणजे ज्याला कोणी नाही तो. तुला मी आहे, पोरगा आहे, सून आहे. गावानं काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना आत्यानं मला सांगितलं की बाजार होता तोवर तिच्या पदराला पैशांची गाठ असायची. आता तंबाखूलासुद्धा भावापुढे हात पसरावा लागतो. तो कधी नाही म्हणत नाही, पण मागताना जीव नकोसा होतो. मी ते नवऱ्याला सांगितलं, त्यानं बापाला सांगितलं, आणि अर्ज गेला.

चौकशीला पटवारी आला. मध्यम वयाचा, शांत माणूस होता. अंगणात खाटेवर बसला, चहा घेतला आणि आत्याला विचारलं, तुम्ही जेवता कोणाकडे?

आत्या मान वर करून म्हणाली, "भावाजवळ. भावानं मले कधी परकं समजलं नाई."

पटवाऱ्यानं लिहिणं थांबवलं. सासऱ्यांना बाजूला घेऊन त्यानं समजावलं की हे असं लिहिलं तर अर्ज बसणार नाही. बाई वेगळी राहते, वेगळी खाते, असं दिसायला हवं. मला जे दिसतं तेच मी लिहिणार, तो म्हणाला, पुढच्या खेपेला वेगळं दिसलं तर वेगळं लिहीन. त्या वेळचा अर्ज परत आला. भाऊ सांभाळतो, म्हणून अपात्र.

घरामागच्या सांदवाडीत एक कोठा होता. म्हैस विकल्यापासून तो रिकामाच पडला होता. नवऱ्यानं तो झाडला, वरची फुटलेली कवेलू बदलली. सासूबाईंनी माती कालवून चूल घातली. ती वाळेपर्यंत दोन्ही म्हाताऱ्या तिची थट्टा करत होत्या. आत्या म्हणे, आता माझ्या हातचं अळणी खाऊन कोण भांडेल माझ्याशी. सासूबाईंनी आपल्या संसारातला एक गंज, एक तवा आणि दोन ताटल्या काढून दिल्या. सासरे त्या दिवशी तलावावरून उशिरा आले आणि कोठ्याकडे न बघता आत गेले.

सुरुवातीला ते नाटकच होतं. आत्या सकाळी तिकडे जाळ करायची, धूर वर जाईल एवढा, आणि जेवायला आमच्यात यायची. पण दुसरा अर्ज गेल्यावर गावातल्या एका माणसानं कचेरीत तक्रार केली. त्याच्या आईचा अर्जही नाकारला गेला होता. मुलगा आहे म्हणून. त्यानं लिहून दिलं की ढिवरांची म्हातारी खोटी वेगळी राहते, भावाच्याच ताटात जेवते. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्याची आईही आमच्या आत्याइतकीच थकलेली होती. पण त्यानंतर आमच्या सांदवाडीकडे येणारा जाणारा डोकावू लागला. आत्या म्हणाली, आता मी खरंच तिकडेच जेवीन. पगार सुरू झाला की मग कोण बघतं.

तिला भात रांधता यायचा. हातानं चाचपून, आधण वाजतं ते ऐकून ती करायची. पण जाळ अंगावर येत असे. एकदा पदराला ठिणगी लागली, मनगटाचं कातडं सोललं. मी लपून लाखोळीची डाळ नेऊन द्यायचे, तर ती आधी विचारायची, बाहेर कोणी आहे का?

तक्रारीमुळे सुनावणी लागली. सासरे, आत्या आणि मी एस.टी.नं तालुक्याच्या गावी गेलो. मी दहावीपर्यंत शिकलेली म्हणून मला नेलं होतं. व्हरांड्यात आमच्यासारखेच पुष्कळ जण बसले होते. कोणाचा पाय गेलेला, कोणाच्या कडेवर मूल. एका बाईचा नवरा दुसरीबरोबर निघून गेला होता, आणि तो मेला नाही म्हणून तिचं बसत नव्हतं. ती कुंकू लावून आली होती आणि आपली हकिकत सगळ्यांना सांगत होती, जणू कोणीतरी तिच्या बाजूनं बोलेल.

आम्हाला आत बोलावलं. टेबलामागे समितीचे अध्यक्ष, त्यांच्या बाजूला एक अधिकारी आणि लिहिणारा बाबू. अध्यक्ष आवाज न चढवता बोलत. त्यांनी सासऱ्यांना विचारलं, ही तुमची सख्खी बहीण ना? मग हिला तुम्ही सांभाळता की नाही?

सासरे टोपी हातात धरून उभे होते. वाटेत बसमध्ये त्यांनी उत्तर मनात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला टेबल कुठे आहे ते कळलं नव्हतं.

"नाई साहेब," सासरे म्हणाले. "मी इले पोसत नाई. हे आपलं आपून रांधते, आपून खाते. माहा इचा काई संबंध नाई."

बाबूनं लिहून घेतलं आणि सासऱ्यांनी अंगठा दिला. मग अध्यक्षांनी आत्याला विचारलं, हे खरं आहे का? ती म्हणाली, खरं आहे. स्वयंपाक तुम्हीच करता? होय. पाणी? पाणीही आणते, ती म्हणाली. ते खोटं होतं, पाणी मी भरत असे. पण वेगळं राहणं पक्कं दिसावं म्हणून तिनं सांगितलं. अध्यक्ष आणि अधिकारी हलक्या आवाजात काहीतरी बोलले. मग अध्यक्षांनी आम्हाला समजावून सांगितलं की भाऊ सांभाळत नाही हे समितीला मान्य आहे. पण बाई पाणी भरते, रांधते, म्हणजे तिला कामधंदा होतो. जिला काहीच होत नाही तिच्यासाठी ही योजना आहे. डोळ्यांचं काय, असं मी विचारलं. त्यासाठी डॉक्टरचा दाखला पाहिजे, तो अर्जाला जोडलेला नाही, असं बाबू म्हणाला.

परत येताना सासरे बसमध्ये पुढे उभे राहिले, जागा असूनही. आम्ही मागे बसलो. आत्यानं माझा हात धरून ठेवला होता.

घरी सासूबाईंनी सगळ्यांचा स्वयंपाक करून ठेवला होता, झिंग्यांचा रस्सा आणि भात. आता नाटक संपलं, अशी त्यांची समजूत. पण आत्या अंगणातून सरळ कोठ्याकडे निघाली. सासरे तिच्यामागे गेले.

"बाई, घरात चाल. ते त कचेरीसाठी बोललो व्हतो."

"मले मालूम हाये गा," आत्या म्हणाली. "कचेरीसाठीच बोलला तू. पण मी आयकलं ना. आता तुह्या घरात घास उतरणार नाई माह्या गळ्याखाली."

ती रागात नव्हती. तशी असती तर कोणीतरी तिची समजूत काढली असती. सासूबाई गेल्या, मी गेले, नवरा तर पाया पडला. ती प्रत्येकाशी नीट बोलली आणि तिथेच राहिली.

डॉक्टरचा दाखला मिळवायला दोनदा भंडाऱ्याला जावं लागलं. तो जोडून नवऱ्यानं तिसरा अर्ज केला. मधल्या काळात पटवाऱ्याची बदली झाली आणि नवा आला. तो आला तेव्हा पावसाळा होता आणि आत्या तापानं फणफणलेली होती. कोठ्यात पाणी गळत होतं. तिला शुद्ध नव्हती म्हणून आम्ही तिला उचलून आमच्या घराच्या पुढच्या सपरीत आणलं होतं. सासूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन पेज पाजत होत्या आणि पटवारी दारात उभा. त्यानं छत्री मिटली, विचारपूस केली, गोळ्या कुठून आणल्या ते विचारलं. मी त्याला कोठा दाखवायला नेलं. चूल भिजून खचली होती. त्यानं जे बघितलं ते लिहिलं. आजारपणात भाऊ-भावजय घरात ठेवून सेवा करतात.

तो अर्जही नामंजूर झाला. ताप उतरल्यावर आत्यानं आधी विचारलं की मी इथे कशी. मग भिंत धरत धरत कोठ्यात परत गेली. सासूबाईंनी चूल पुन्हा घातली. या वेळी थट्टा झाली नाही. नवरा म्हणाला, वर अपील करू, नागपूरला कोणी ओळखीचं बघू. आत्यानं त्याला जवळ बसवलं, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली की आता माझा अंगठा कुठेच लागणार नाही.

पुढे सासरे वाळत गेले. जाळं घेऊन निघाले की कोठ्याच्या दाराशी थांबत, आत्या आतून काहीतरी विचारे, तेवढंच. मासळीचा वाटा ते दाराशी ठेवून जात आणि ती तो घेत असे. बहीण-भावात भांडण कधी झालं नाही. पण एका ताटाशी ती पुन्हा कधी बसली नाहीत. एका हिवाळ्यात सासरे दम्यानं गेले. आत्याला हात धरून आणलं. तिनं त्यांचे पाय चाचपले, कपाळ चाचपलं, आणि बायका रडत होत्या तिथे न बसता दूर जाऊन बसली.

तेरवी झाल्यावर कोतवाल आला. चांगल्या मनानं आला होता. म्हणाला, आता भाऊ राहिला नाही, आता आत्याचं नक्की बसते, उद्याच कागद करू. आत्यानं ऐकून घेतलं, मला त्याला चहा द्यायला सांगितलं, आणि अंगठा काही दिला नाही.

त्यानंतर सासूबाई आपली ताटली घेऊन कोठ्यात जेवायला जाऊ लागल्या. कधी डोकावलं तर दोघी मिठाचा वाद न घालता जेवत असायच्या. आत्या गेली ती धानाच्या रोवणीच्या दिवसांत. आम्ही सगळे चिखलात होतो, घरी कोणी नव्हतं. दुपारी परत आलो तर चुलीत लाकडं रचलेली होती, पेटवलेली नव्हती, आणि ती बाजूला भिंतीला टेकून बसलेली होती. अंग गार होतं.

सासूबाई आणखी काही दिवस तिथेच जाऊन जेवत राहिल्या. मग त्यांचे गुडघे धरले आणि ते बंद झालं. पुढच्या उन्हाळ्यापासून आम्ही कोठ्यात बकऱ्या बांधायला लागलो.