भांडायला माणूस

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात होतो आणि माझ्या हातात कुरडयांचं चकचकीत पाकीट होतं. मी ते गुपचूप जागेवर ठेवून दिलं. आत्या आता कुठूनही बघू शकत होती...

जालन्यात, मस्तगडात तिचं सगळं आयुष्य गेलं. तेल ओळखीच्या घाण्यावरचं, माठ कुंभाराच्या दारातून उचललेला, मोसंबी वाटूरकडच्या नात्यातल्या मळ्यातली. एकदा मी म्हणालो, "आत्या, मोठ्या दुकानात हेच स्वस्त मिळतं." तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मिळंल की. पण खराब निघालं तर भांडायचं कुणाशी? पाकिटाशी?"

भांडण हा तिचा आवडता पदार्थ, आणि तो तिनं राखून ठेवला होता गल्लीतल्या गयाबाईसाठी. गयाबाई नवऱ्यामागं कुरडया-पापड विकून घर चालवायची. दर उन्हाळ्यात आत्या तिच्या ओट्यावर जाऊन चीक नीट शिजला नाही, मीठ जास्त झालं, असे आरोप करायची आणि पिशवीभर कुरडया घेऊनच परतायची. मग सगळीकडं पाकिटं आली, गिऱ्हाईक आटलं. मागच्या उन्हाळ्यात गयाबाईनं सोऱ्या धुऊन माळ्यावर टाकला. "पुण्याला लेकाकडं चालले आक्का. तिथं मला करमनार न्हाई, पर इथं तरी कुनासाठी बसू?" आत्या त्या दिवशी न भांडताच घरी परतली. आत्यानं न भांडणं हे लक्षण चांगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी भरायला सगळी गल्ली बाहेर आलेली असताना, ती शेगडी, कढई आणि गयाबाईच्याच कुरडया घेऊन थेट तिच्या ओट्यावर. मी तेव्हा सुट्टीला आलो होतो. तेलाची किटली धरून मागं उभा.

"गये, बाहेर ये. जाता जाता आम्हाला खारट कुरडया खाऊ घालून चालली व्हय?"

गयाबाईचा चेहरा पडला, मग तापला. "बराबर मीठ हाय आक्का. तुमच्याच तोंडाला चव न्हाई."

"मंग लोकांनाच विचारू."

आणि आत्या तळत सुटली. कुरडई कढईत फुलायची, आत्या ती एकेकीच्या हातावर ठेवायची. "सांग गं, हाय का न्हाई खारट?" बायका चाखत होत्या, परत मागत होत्या. निकाल एकमतानं आत्याच्या विरोधात लागला. "हरले बाई," म्हणत तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्या पदराआडून मला डोळा मारला. तिथल्या तिथं मागण्या सुरू झाल्या. गयाबाईला सोऱ्या माळ्यावरून काढावा लागला. पुण्याला ती गेली, पण नातवंडं बघून परत आली.

आत्या गेल्यावर, परवा गयाबाईकडं गेलो. तिनं कुरडई तळून माझ्यापुढं ठेवली आणि ओट्याकडं बघत बसली. "आता कोन नावं ठेवनार..."

कुरडई अगदी नेमकी झाली होती. मी ती सावकाश खाल्ली आणि म्हणालो, "गयामावशी, जरा खारट झालीय."

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. मग पदर खोचला.

"कुनाच्या तोंडाला?"