न पाहिलेले तळवे

ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. चोरीचा आरोप असलेल्या एका मिठागरातल्या मजुराला हवालदार तपासणीला घेऊन आला. त्याने गुन्हा कबूल केला होता. ती कबुली मारहाण करून घेतलेली नाही ना, एवढं मॅजिस्ट्रेटना माझ्याकडून हवं होतं. युरोपातल्या देशांनी कोणाचाही छळ न करण्याचा करार केल्याची बातमी त्याच आठवड्यात मी मित्रांना कौतुकाने वाचून दाखवली होती.

माणूस काळा, काटक. मिठागराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करणारा. पण माझ्यापुढे तो पावलांच्या कडांवर उभा होता, टेबलाला धरून. सदरा काढून त्याने नीट घडी करून खांद्यावर ठेवला. पाठ, छाती, हात, कुठेही वळ नव्हता.

"जरा बसू का, डाक्तर?"

"लग्नाला आलायस का रे, पाट मांडून बसायला?" हवालदार हसला.

पोलीस पायांच्या तळव्यांवर मारतात, हे मला ठाऊक होतं. तो बसला असता तर तळवे दिसले असते, मला ते लिहावं लागलं असतं, आणि त्याची कबुली कोर्टात टिकली नसती.

"नको, झालं तपासून," मी म्हणालो आणि मारहाणीची खूण नाही असं लिहून दिलं.

"उपकार झाले," तो हात जोडून म्हणाला. उभं राहणं संपलं, एवढंच त्याला कळलं होतं.

पुढे त्याला सक्तमजुरी झाली. मी त्या दवाखान्यात आणखी बरीच वर्षं काढली, आणि पोलिसांनी आणलेला प्रत्येक माणूस उभ्यानेच तपासला.