कन्नड वर्गावरचा पाठ

माणसाला भीती कशाची वाटावी याला काही धरबंध नाही. मला ती बेळगावात बी.टी., म्हणजे मास्तरकीचं शिक्षण, करताना फळ्याची वाटली. अजूनही कन्नड पाटीचं दुकान समोर आलं की छातीत धस्स होतं.

निपाणीहून मी शिकायला आलो तो अण्णांच्या जिवावर. अण्णा माझे थोरले भाऊ, तंबाखूच्या वखारीत कामाला. त्या धुळीत बसून बसून त्यांना असा खोकला जडला होता, की ते गल्लीच्या तोंडाशी आले की घरात कळायचं. मला गाडीत बसवून देताना ते म्हणाले, "औंदा पास झालास तर मास्तर. न्हाय झालास तर वखारीत ये, माझ्या शेजारी बस. दुसऱ्यांदा शिकवाय माझ्यात दम न्हाय बघ." रागानं नव्हे, साधंच सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं. वखारीच्या दारावरनं नुसतं गेलं तरी माझे डोळे चुरचुरायचे. तिथं जन्म काढायचा या विचारानं मला घाम फुटायचा.

कॉलेजात नाव घालायला गेलो तेव्हा कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कन्नड बर्तदेन्री?" म्हणजे कन्नड येतं का. मी म्हणालो, "बर्तद्री." न येऊन सांगतो कुणाला? आमच्याकडं निम्मा बाजार कन्नडमधून चालतो. मी कन्नडमध्ये भाव करत होतो, भांडत होतो, विहिरीत पोहायला शिकलो तेही कन्नडमध्येच. फक्त त्या भाषेचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं, मग लिहिणं तर लांबच. पण अर्धी निपाणी तशीच होती. ही मुद्दाम सांगायची गोष्ट आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

वर्षभर मराठी वर्गांवर पाठ दिले. पाठ म्हणजे पुढं मुलं आणि मागच्या बाकावर आपल्या चुका टिपणारे प्राध्यापक. शेवटचा पाठ परीक्षेचा, तो बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर द्यायचा. आदल्या दिवशी दुपारी भिंतीवर कागद लागला. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: भूगोल, जिल्ह्यातील पिके, कन्नड वर्ग. कारकुनाला दिलेलं उत्तर असं फिरून आलं होतं. परीक्षक धारवाडकडचे होते, म्हणजे त्यांच्यापुढं थाप चालणार नव्हती. आणि पाठाचा सारांश फळ्यावर उतरला नाही तर पाठ नापास, हा नियम आम्हाला तोंडपाठ होता.

मी प्राचार्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. परीक्षेच्या तोंडावर वर्ग बदलून मागणाऱ्याला ते वर्षच बदलून देतात, अशी त्यांची ख्याती होती.

टिळकवाडीतल्या खोलीवर माझा जोडीदार गोकाककडचा, पक्का कन्नड माणूस. त्याला सांगितलं तर तो आधी खो-खो हसला. मग माझं तोंड बघून उठून बसला. "अरे, बाजारात तू माझ्यापेक्षा चांगला भाव करतोस की," म्हणाला. मग त्यानं जमिनीवर खडूनं सारांशाच्या चार ओळी काढल्या आणि मी त्या गिरवत बसलो. मला ती सगळी कडबोळीच दिसत होती. एक कडबोळं लक्षात राहिलं की आधीचं विसरायचो. संध्याकाळी तो म्हणाला, "जेवून घे." मी ताट बाजूला सारून पुन्हा गिरवत बसलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात बोलणं नीट सुरू झालं. जोंधळा, भुईमूग, ऊस, मग तंबाखू. तंबाखूवर मी असा बोललो की मुलं माना पुढं काढून ऐकत होती. मागं परीक्षक ताठ बसलेले, डोक्याला जरीकाठी रुमाल. त्यांनी एकदा कोऱ्या फळ्याकडं पाहिलं आणि एकदा माझ्याकडं. मी खडू उचलला आणि पहिलं अक्षर काढलं. कोपऱ्यातनं कुणीतरी फिसकन हसलं. पुढचं अक्षर आठवेना. शपथेवर सांगतो, मला त्या वर्गात अण्णांचा खोकला ऐकू आला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी मला ती मुलं दिसली. मी खडू पुढं केला आणि विचारलं, "यार बरीतीरी?" कोण लिहिणार? सगळा वर्ग हात वर करून उठला. एकानं येऊन जोंधळ्याची ओळ लिहिली, दुसऱ्यानं उसाची. तिसरा लिहीत असताना चौथा ओरडला, चुकलं म्हणून. त्यानं शेजारीच आपला शब्द लिहिला आणि दोघांची जुंपली. मग दोघंही माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "सर, कुणाचं बरोबर?"

त्या क्षणाइतका मी कधी घाबरलो नाही. त्या दोन शब्दांत माझ्या लेखी काडीचा फरक नव्हता. मी वर्गाकडं बोट केलं आणि म्हणालो, "त्यांना विचारा." वर्गानं एकमुखानं निकाल दिला, एकानं आपला शब्द पुसला, आणि सारांश पुरा झाला. परीक्षक उठून पुढं आले, फळा वाचला, आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेले.

पुढं निकालापर्यंत मी जेवलो कसा आणि झोपलो कसा, ते मला आठवत नाही. मग प्राचार्यांनी बोलावलं. मी दारातच खांब धरून उभा राहिलो. त्यांनी शेरा वाचून दाखवला: शिक्षकाने फळा मुलांच्या हाती दिला, चूक मुलांकडूनच दुरुस्त करून घेतली, स्वतः मध्ये पडले नाहीत, असा संयम क्वचितच दिसतो. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "ही पद्धत कुठल्या पुस्तकातली?" मी नमस्कार करून बाहेर सटकलो. पास झालो होतो, एवढं मला पुरे होतं.

अण्णांनी गल्लीत गूळ वाटला. त्याच आठवड्यात नेमणुकीचा हुकूम आला. परीक्षकांच्या शिफारशीवरून मला सरकारी शाळेत घेतलं होतं, कन्नड शाळेत.

"मग त्वांड का पडलंय तुझं?" अण्णांनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. ते हसायला लागले, आणि हसता हसता खोकल्याची अशी उबळ आली की मी पाणी आणायला पळालो. मी तांब्या घेऊन आलो तर अण्णा जागेवर नव्हते. शेजारच्या कन्नड घरातनं ते एक पाटी, पहिलीचं पुस्तक आणि त्या घरातली सात-आठ वर्षांची पोरगी घेऊन आले. स्वतः अण्णांना कुठलीच लिपी येत नव्हती.

"शाळा उघडायच्या आत शिक," एवढंच म्हणून ते वखारीला गेले.

पोरगी माझ्यासमोर मांडी घालून बसली, पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "नीट धरा की पेन्सिल."