घमेल्यांची शेड आणि अक्काची भरपाई

लग्न होऊन मी नगरला आले, तेव्हा ह्यांनी नागापूरच्या एमआयडीसीत नुकतीच शेड टाकली होती. आत पत्रा कापायचं एक मशीन, एक पॉवर प्रेस आणि आठ माणसं. आम्ही घमेली बनवायचो. दुष्काळाचं साल होतं. जिल्हाभर खडी फोडायची, रस्त्यांची, तलावांची कामं निघाली होती आणि प्रत्येक कामावर घमेली लागत होती. लोकांच्या अडचणीवर आपलं चालतंय याची ह्यांना मनातून लाज वाटायची, पण आलेली ऑर्डर ते परत पाठवत नसत.

ह्यांना लोखंड कळायचं, कागद कळायचा नाही. मी मॅट्रिक झालेली. दुपारी डबा घेऊन जायचे आणि तासभर हजेरीबुक, पावत्या बघून यायचे. त्या तासाचा हळूहळू दिवस झाला. सासूबाईंनी एकदाच विचारलं, "पुरुषांत बसून काय करतेस गं?" मी म्हटलं, "लिहिते." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

एक दिवस विम्याचे गृहस्थ शेडवर आले. चहा घेतल्यावर म्हणाले, "शेडचा विमा आहे, प्रेसचा आहे. माणसांचा?"

"माणसं काय माझ्या मालकीची आहेत?" हे म्हणाले.

"नाहीत, म्हणूनच काढायचा. प्रेस मोडला तर नुकसान तुमचं. माणसाचा हात गेला तर नुकसान त्याचं, आणि कायद्यानं भरून द्यायचं तुम्ही. आज विमा नाही म्हणून तुमचं देणं चुकत नाही. विमा असला तर तुमच्या वतीनं कंपनी देते, एवढंच."

ह्यांनी पॉलिसी घेतली. आली ती सगळी इंग्रजीत. त्यांनी ती टेबलाच्या खणात टाकली, मी बाहेर काढली. शब्दकोश घेऊन तिच्याशी चार दुपारी झटले. सोबत त्या गृहस्थांनी भरपाईच्या कायद्याचं एक बारकं पुस्तक दिलं होतं, तेही वाचलं. एकेक वाक्य गोगलगाईसारखं सरकायचं. पण एका ओळीवर मी थांबले. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, तर भरपाई. मालकाची चूक असायला हवी, असं तिथं कुठंच म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना ते मराठीत सांगायला बसले. पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता होता. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती घटली असं धरायचं, त्याचा. मी वाचत गेले तशी माणसं आपापले हात पुढं धरून बघायला लागली.

"म्हंजी वहिनी, अंगठ्याला सगळ्यात जास्त भाव?" प्रेसवरच्या मिस्त्रींनी विचारलं. आमच्या शेडमधले ते सगळ्यात जाणते कारागीर. सगळे त्यांना चाचा म्हणत.

"बोटांत अंगठ्याला जास्त."

"बरोबर हाय. अंगठ्याबिगर पाना धरता येत न्हाई." ते अंगठा हलवून हसले. मग हसू आवरून म्हणाले, "आणि चूक माझीच असली तर?"

"तरी मिळते. पण दारू पिऊन आलात, नाहीतर मशीनची जाळी मुद्दाम काढून ठेवलीत, तर अडचण."

सगळ्यांनी कोपऱ्यात बघितलं. हात आत जाऊ नये म्हणून कापायच्या मशीनला बसवायची जाळी तिथं भिंतीला टेकून उभी होती. तिच्यामुळं काम सावकाश होतं म्हणून ह्यांनीच ती काढली होती. हे घास गिळून म्हणाले, "उद्या बसवू." मग एक मोठी ऑर्डर आली आणि उद्या राहून गेलं.

त्याच सुमारास मिरजगावकडची एक बाई कामाला लागली. तिशीच्या आतबाहेरची असेल, नवरा नव्हता, एक मुलगी आईकडे ठेवून आली होती. मी तिला अक्का म्हणायचे. आधी खडीच्या कामावर होती. "तिथं घमेलं वाहत हुते, हितं घमेलं करते," असं स्वतःच सांगून हसायची. पत्र्याच्या कापलेल्या चकत्या गोळा करायच्या आणि त्यांची धार कानशीनं घासून बोथट करायची, हे तिचं काम.

विमा कंपनीला कामगारांच्या पगाराचा तक्ता द्यायचा होता. हप्ता त्यावरच ठरायचा. ह्यांनी आठ नावं सांगितली.

"नववी अक्का," मी म्हटलं.

"अगं, ती रोजंदारीवर आहे. पाऊस पडला की गावाला जाईल."

"रोजंदारीवर असली तरी घमेलीच करतेय ना? धंद्याचं काम करणारी बाई कायद्यात बसते. काही झालं तर द्यावं लागेलच. मग कंपनीपासून का लपवायचं?"

ह्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लिही बाई, तूच लिही." मी लिहिलं.

महिना झाला असेल. मी टेबलाशी होते. मशीनचा नेहमीचा आवाज मधेच तुटला आणि चाचा ओरडले, "बंद करा! बंद करा!" अडकलेली चकती काढायला अक्कानं हात आत घातला होता. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. ती रडलीसुद्धा नाही, नुसती पांढरी पडली. चाचांनी आपला रुमाल आवळून बांधला आणि ह्यांनी तिला टेम्पोत घालून सिव्हिल हॉस्पिटलला नेलं.

दोन दिवस तिची मलमपट्टी झाली. तिसऱ्या दिवशी अक्का हॉस्पिटलात नव्हती. खोलीवरही नव्हती. शेजारीण म्हणाली, बोचकं बांधून पहाटेच्या एसटीनं गेली.

शेजारच्या शेडचे मालक आले नि ह्यांना म्हणाले, "गेली ना? मग बोभाटा कशाला करता? केस नाही, काही नाही. सुटलात." हे उठून मशीनपाशी गेले. त्या दिवशी जेवलेही धड नाहीत. शेवटी ताटावरून उठताना म्हणाले, "जाळी मी काढली होती." मी म्हटलं, "मग उद्या मिरजगावला जाऊ."

एसटीनं गेलो, तिथून पुढं कोस-दीड कोस चालत. रानं उघडी पडलेली, विहिरींत बादल्या खाली सोडून लोक खरडून पाणी काढत होते. विचारत विचारत वस्ती सापडली. अक्का दारात बसून उजव्या हातानं तूर निवडत होती. आम्हाला बघून ती उठली आणि तिनं पट्टीचा हात पदराखाली घेतला.

"मालक, मशीन मोडलं का वो? भरून द्यायला माज्याकडं काय बी न्हाई."

हे खालीच बसले. मी म्हटलं, "अक्का, तू भरून द्यायचं नाही. तुला द्यायचं आहे."

"मला कशापायी? चूक माजी हुती. मीच हात घातला."

"चुकीचं मोजत नाहीत. काम करताना झालं ना? तेवढं पुरे."

"आणि चुकीचंच म्हणशील," हे म्हणाले, "तर जाळी असती तर तुझा हात आत गेलाच नसता. ती मी काढली."

अक्काची आई आतून पाणी घेऊन आली. त्या दिवसांत पाण्याचा तांब्या पुढं करणं म्हणजे काय, हे आम्हाला कळत होतं. आम्ही एकेक घोट घेतला. अक्कानं निवडायची तूर बाजूला सारली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुमी पोलिसात देताल." आणि तेव्हा ती रडली.

आमच्याबरोबर ती परत आली. मलमपट्टी पुरी झाली. मी कंपनीला कळवलं, हजेरीबुकाची नक्कल जोडली. कंपनीचे साहेब तपासाला आले. पहिल्यांदा त्यांनी पगाराचा तक्ता काढला, त्यावरून बोट फिरवलं आणि नवव्या नावाशी थांबले. जाळीचं विचारलं, तेव्हा हे सरळ म्हणाले, "ती मी काढली होती. बाईनं नाही." साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. कंपनी आता पैसे नाकारेल म्हणून हे रात्रभर तळमळत होते. पण कंपनीनं भरपाई मान्य केली, वर ह्यांना एक कडक पत्र पाठवलं. ते मी मराठीत वाचून दाखवलं, जरा जास्तच सावकाश.

बाईमाणसाची एकरकमी भरपाई मालकानं परस्पर हातात द्यायची नसते, ती सरकारनं नेमलेल्या भरपाई आयुक्ताकडे भरावी लागते. हे मला त्या पुस्तकातूनच कळलं होतं. कुणी मधल्या मधे घेऊ नये म्हणून. नगरच्या कोर्टात ते काम बघणाऱ्या साहेबांपुढं अक्का नवं लुगडं नेसून उभी राहिली.

"पैशाचं काय करणार, बाई?" त्यांनी विचारलं.

"पत्रं घेनार."

"कसले पत्रे?"

"घरावर टाकाया. छप्पर लई गळतंय, साहेब. आवंदा न्हाई गळलं, पर कदी तरी गळंलच की."

साहेब हसले. पत्र्यांपुरती रक्कम हातात द्यायला आणि उरलेली तिच्या नावानं बँकेत ठेवायला सांगून त्यांनी सही केली.

जाळी तर ह्यांनी मिरजगावहून आल्या दिवशीच बसवली होती, आणि बोल्ट वेल्डिंग करून टाकले, म्हणजे पुन्हा कुणाला काढायचा मोह नको. घमेली दिवसाला थोडी कमी निघायची. अक्का मोजणी नि बांधणीच्या कामावर आली आणि महिनाभरात चाचांवरसुद्धा हुकूम सोडायला लागली.

पुढच्या साली पाऊस झाला, ज्वारी आली. अक्कानं सगळ्या शेडला हुरड्याला बोलावलं. नव्या पत्र्यांखाली बसायला माणसांची दाटी झाली, म्हणून आम्ही सरळ बांधावर गेलो. तिची मुलगी गरम कणसं राखेतून काढून द्यायची आणि अक्का ती तळहातावर चोळून दाणे मोकळे करायची, दोन्ही हातांनी, झपाझप. हे लसणाच्या चटणीनं हाशहुश करत तिसऱ्यांदा वाटी पुढं करत होते. उन्हं उतरेपर्यंत कुणी उठायचं नाव काढलं नाही.